हरवलेले ग्रीन कार्ड आणि ‘पुन्हा शून्यापासून’ मोजायची पाच वर्षे

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे राहणाऱ्या माझ्या आत्याची पर्स किराणा दुकानात हरवली आणि तिच्याबरोबर ग्रीन कार्डही गेले. अमेरिकी नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षे तिची तेव्हा पूर्ण होत आली होती आणि भाच्याने एन-४०० हा अर्ज ऑनलाइन निम्मा भरूनही ठेवला होता. तेवढ्यात नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सर्व मराठी बांधवांसाठी महत्त्वाचे’ असा मथळा असलेला निरोप आला आणि आत्याने अर्ज थांबवायला सांगितले. त्या निरोपातले दावे असे: कार्ड हरवले की पाच वर्षे नव्या कार्डाच्या तारखेपासून मोजतात, नवे कार्ड हातात येईपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज करता येत नाही, पोलिसांत तक्रार नसेल तर दंड होतो, नागरिकत्वाचा अर्ज केला की नवे कार्ड काढावे लागत नाही, आणि भारतात कार्ड हरवले तर परत येणे विसरा. हाच निरोप मला आतापर्यंत तिघांनी पाठवला आहे. त्यातला दुसरा आणि चौथा दावा एकत्र वाचल्यास माणसाने नेमके काय करावे, असा प्रश्न त्या तिघांपैकी एकालाही पडला नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारा दावा पहिला आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अॅक्टच्या ३१६व्या कलमात मोजणी कायम रहिवासी म्हणून कायदेशीर प्रवेश मिळाल्यानंतरच्या सलग वास्तव्याची आहे, प्लास्टिकच्या कार्डाची नाही. कार्ड हा त्या दर्जाचा पुरावा आहे. सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून शेत दुसऱ्याचे होत नाही, हे ज्या घरात सर्वांना ठाऊक आहे त्याच घरात हा निरोप खरा मानला गेला, याचे मला वाईट वाटते. गैरसमजाचे मूळ बहुधा असे असावे की बदली कार्डावर मुदत संपण्याची तारीख नवी असते आणि लोक तीच पाहतात. पण त्याच कार्डावर ‘रहिवासी केव्हापासून’ ही तारीखही छापलेली असते आणि ती बदलत नाही. आत्याची तारीख मार्च २०२१ची आहे आणि तिने दहा कार्डे हरवली तरी ती मार्च २०२१चीच राहील.

एवढ्यावरही ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी यूएससीआयएसची, म्हणजे नागरिकत्वाचे आणि ग्रीन कार्डाचे अर्ज पाहणाऱ्या अमेरिकी खात्याची, शपथविधीबाबतची सूचना वाचावी. नागरिकत्वाची शपथ घ्यायला येताना ग्रीन कार्ड परत करावे लागते. मात्र कार्ड हरवले आहे आणि ते परत मिळवण्याचा प्रयत्न केला आहे, याचा पुरावा मुलाखतीच्या वेळी दिलेला असेल तर ही अट माफ होते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्या खात्याच्या नियमातच हरवलेल्या कार्डाचा मालक शपथविधीपर्यंत पोहोचलेला गृहीत धरला आहे, ते खाते त्याची पाच वर्षे पुसून टाकते असे म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दाव्याचे उत्तरही यातच आले. बदली कार्डासाठीचा आय-९० आणि नागरिकत्वाचा एन-४०० हे दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू राहू शकतात.

मोजणी खरोखर बिघडवणारी गोष्ट वेगळीच आहे आणि निरोपात तिचा उल्लेखही नाही. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास तर ते खंडितच होते. दिवाळीला पुण्याला जाऊन नातवंडांच्या परीक्षा संपेपर्यंत तिथेच राहणाऱ्या आजी-आजोबांनी खरी काळजी याची करावी.

चौथ्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. १२ डिसेंबर २०२२ पासून एन-४००ची पोचपावती मुदत संपलेल्या कार्डाला २४ महिन्यांची वाढ देते. पण हा बदल जाहीर करतानाच यूएससीआयएसने म्हटले होते की ज्यांचे कार्ड हरवले आहे त्यांना सर्वसाधारणपणे आय-९० भरावाच लागेल. कारण साधे आहे: पोचपावती जुन्या कार्डासोबत दाखवायची असते आणि इथे ते कार्डच हातात नसते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार आय-९०चे शुल्क ऑनलाइन ४१५ डॉलर आहे. ते जड वाटते हे खरे, पण निरोपाच्या भरवशावर ते वाचवण्यात शहाणपण नाही.

दंडाचा दावाही असाच उलटासुलटा आहे. पोलीस तक्रार ही आय-९०ची अट नाही. कार्ड चोरीला गेले असेल तर ती जवळ असणे बरे, इतकेच. दंडाची तरतूद आहे ती अठरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा (इथे ग्रीन कार्ड) सतत जवळ न बाळगल्याबद्दल, आणि त्याच कायद्याच्या कलम २६४च्या मजकुरात ती १०० डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी आहे. म्हणजे भ्यायचेच असेल तर तक्रार नसल्याला नव्हे, आय-९० टाळण्याला भ्यावे.

भारतात कार्ड हरवल्यास आय-१३१ए हा अर्ज अमेरिकी वकिलातीत करून विमानात बसण्याची परवानगी घेता येते, मात्र बाहेर वर्ष उलटलेले नसावे. याहून अधिक त्या दाव्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आत्याची शेवटची शंका अशी होती की कार्डच नाही तर अर्जात ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने तिला दिलेला ओळख क्रमांक, कुठून लिहायचा. तो तिच्या जुन्या पासपोर्टात, मुंबईच्या वकिलातीने दिलेल्या इमिग्रंट व्हिसाच्या पानावर होता. तो शोधायला चार मिनिटे लागली. अर्ज मात्र सहा आठवडे पडून होता.