सुकाणू अडकलं तेव्हा
वॉरस्पाइट या ब्रिटिश युद्धनौकेवरचा लेख आवडला, पण जटलंडची लढाई (पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश-जर्मन आरमारांची) एका वाक्यात उरकलंत! ३१ मे १९१६ ला ऐन लढाईत तिचं सुकाणू अडकलं आणि ती जर्मन तोफांसमोर गोल गोल फिरत राहिली. मारा तिच्याकडे वळला, म्हणून आधीच खिळखिळी झालेली ब्रिटिश क्रूझर वॉरियर तेवढ्यापुरती वाचली (दुसऱ्या दिवशी बुडालीच म्हणा). १९४३ मध्ये इटलीतल्या सालेर्नोजवळ जर्मनांच्या रेडिओ-नियंत्रित बॉम्बने वॉरस्पाइटच्या तळाला भगदाड पाडलं. दुरुस्ती अर्धीमुर्धीच, तरी पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईला १५ इंची आठपैकी सहाच तोफांवर हजर! १९४७ ला भंगारात नेताना वादळात दोर तुटला आणि बाईसाहेब कॉर्नवॉलच्या खडकांवर जाऊन बसल्या. शेवटी तिथल्याच किनाऱ्यावर तोडावी लागली.