काका, जरा कॅमेरा बघून दे ना

प्रत्येक घराण्यात ‘त्यातलं कळणारा’ एकेक माणूस नेमलेला असतो. आमच्याकडे सातबाऱ्यातलं कळणारे एक मामा आहेत, हापूस ओळखणारी एक आत्या आहे आणि कॅमेऱ्यातलं कळणारा मी आहे. माझी पात्रता एवढीच की रिळांच्या जमान्यात रीळ भरायचं काम माझ्याकडे होतं आणि मी भर उन्हात मागचं झाकण कधी उघडलं नाही. तेवढ्या भांडवलावर आजतागायत सल्ला देतोय.

हा सल्ला फक्त स्वस्त, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलच मागितला जातो. महागडा घेणारे मला विचारत नाहीत, घेऊन झाल्यावर सांगतात. स्वस्तवाले मात्र आधी येतात, खोकं पुढे करतात आणि विचारतात, “चांगला आहे ना?” खोक्यावर तारांकित अक्षरांत लिहिलेलं असतं ‘४८ मेगापिक्सेल’, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर सौदा जिंकल्याचं तेज असतं.

आता यांना कसं सांगायचं? बहुतेक खिशातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, साधारण ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्या डाळीवर दोन कोटी ठिपके, म्हणजे वीस मेगापिक्सेल, बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा उजेड रेशनिंगचा होतो. मग संध्याकाळी काढलेल्या फोटोत नवऱ्यामुलाच्या गालावर कांजिण्या उठल्यासारखं दिसतं. बिननावाच्या कॅमेऱ्यांत तर अस्सल ठिपके थोडेच असतात, बाकीचे आतला हिशेबनीस अंदाजाने भरतो. आणि आपल्या अल्बममधला चार बाय सहा इंचांचा फोटो? इंचाला ३०० ठिपके धरले तरी एकवीस-बावीस लाखांत भागतो. उरलेल्या मेगापिक्सेलांचं काय करायचं, असं मी विचारलं की लोक म्हणतात, “असू दे, पुढेमागे लागतील.” आपल्याकडे ज्यादा मिळालेली वस्तू परत करायची पद्धत नाही.

‘१६ पट झूम’ हे दुसरं प्रकरण. भिंग पुढे सरकून जे जवळ आणतं ते ऑप्टिकल, आणि फोटोचा मधला तुकडा कापून ताणतं ते डिजिटल. सोळापैकी सोळा डिजिटल असतील तर तो झूम नव्हे, कात्री आहे.

पण स्वस्त कॅमेऱ्याची खरी परीक्षा खोक्यावर होत नाही, ती मंगल कार्यालयात होते. मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट ताणलेला आहे, गुरुजी ‘शुभमंगल’पर्यंत आलेत. आपण ‘सावधान’ला बटण दाबतो. कॅमेरा विचारात पडतो. भिंग थोडं पुढे, थोडं मागे, परत पुढे, एक हिरवी चौकट, आणि मग खटका. फोटोत अंतरपाट घडी घालून कोणाच्या तरी काखेत आहे, अक्षता जमिनीवर आहेत आणि नवरीची आई पायातली चप्पल शोधते आहे. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. त्या मानाने प्रगती आहे, पण गुरुजी तेवढेही थांबत नाहीत.

फ्लॅशचा पल्ला तीनएक मीटर, हेही कोणी लक्षात घेत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटून तिसऱ्या रांगेतून मारलेला फ्लॅश स्टेजवरच्या झाशीच्या राणीपर्यंत पोचतच नाही. पुढच्या रांगेतल्या दोन अनोळखी गृहस्थांची तेल लावून चोपलेली डोकी तेवढी लखलखीत येतात.

डोळे लाल येऊ नयेत म्हणून कॅमेरा आधी एक-दोनदा बारीक लुकलुकतो, बुबुळं आकसली की मग खरा फ्लॅश मारतो. युक्ती चांगली आहे. फक्त पहिल्या लुकलुकीला आमचे सगळे नातेवाईक “झाला!” म्हणून पांगतात. माझ्याकडे अशा कितीतरी ग्रुप फोटोंचा संग्रह आहे, ज्यांत निम्मे लोक जेवणाच्या पंगतीकडे तोंड करून आहेत.

चेहरा ओळखण्याची सोय मी स्वतः काळजीपूर्वक तपासतो. आमच्या दिवाणखान्यात एका कॅमेऱ्याने सोफ्यावरच्या सात जिवंत माणसांना डावलून भिंतीवरच्या हारातल्या आजोबांना चौकट घातली. एका अर्थी बरोबरच होतं. स्थिर बसलेले तेवढेच होते. कोणी हसलं की आपोआप खटका पाडणारे कॅमेरेही २००७ पासून मिळतात. आमचे थोरले मेहुणे मध्ये बसले की ते कॅमेरे दिवसभर वाट बघतात.

अजून एक गोष्ट फक्त बायकांच्या लक्षात आली, तांत्रिक परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या नाही. जास्त माणसं मावावीत म्हणून रुंद पल्ल्यावर फोटो काढला की कडेची माणसं आडवी ताणली जातात. कारण भूमितीचं आहे. पण आत्याला भूमिती सांगून चालत नाही. ती गेली कित्येक वर्षं मधली जागा सोडत नाही आणि धाकट्या जावेला आग्रहाने कडेला उभी करते.

बॅटरीबद्दल बोलायचं तर पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे मला फार आवडायचे. कुठल्याही टपरीवर सेल मिळतात. ते घातले की कॅमेरा तोंड बाहेर काढतो, एक फोटो काढतो आणि जीभ बाहेर ठेवूनच मान टाकतो. तेच ‘मेलेले’ सेल घरी आणून भिंतीवरच्या घड्याळात घातले की दिवाळीपर्यंत चालतात. खोक्यावर छापलेला फोटोंचा आकडाही खोटा नसतो. तो ठरलेल्या चाचणीचा असतो: दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो, निम्मे फ्लॅश मारून. त्या चाचणीत प्रत्येक खटक्यानंतर “बघू बघू, कसा आलाय?” म्हणत कॅमेरा पंगतभर फिरत नाही, एवढाच फरक.

गुण नाहीत असं नाही. डाळीएवढ्या सेन्सरमुळे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. वरातीतल्या माणसापासून मागच्या पाण्याच्या टँकरच्या नंबरापर्यंत. खिशात मावतो. हरवला तर कर्ज काढावं लागत नाही. आणि कॅमेऱ्यावर फोन येत नाही, हा गुण मला दिवसेंदिवस थोर वाटू लागलाय.

हे सगळं परवा मी पुतणीला सविस्तर ऐकवलं. ती कॉलेजात आहे, खिशात चांगला फोन आहे, तरी तिला ‘डिजिकॅम’ हवा होता. तिने ऐकता ऐकता फोनवर टिपून घेतलं, म्हणून मीही रंगात आलो. शेवटी यादी वाचून दाखवली: चेहरे पांढरे पडतात, मागे काळोख, डोळे लाल, रात्री दाणे, हललं की फराटे.

“म्हणजे हे सगळं एकाच कॅमेऱ्यात मिळेल ना, काका?”

मी म्हटलं, “मिळेल. आपल्या घरात असे तीन पडलेत.” ते तिने आधीच धुंडाळले होते. एकाचं भिंग दिवेआगरच्या वाळूने अडकलेलं, दुसऱ्याचा चार्जर बेपत्ता. तिसरा ठणठणीत, पण त्याला फोटो साठवायला जुन्या जातीचं एक्सडी कार्ड लागतं, आणि ते कार्ड आता दुकानदाराला माहीत असलं तरी त्याच्याकडे नसतं.

मग फोर्टातला बोरा बाजार. कॅमेऱ्यांच्या त्या गल्लीत मी पूर्वी भिंगं बघायला जायचो. आता काचेच्या कपाटात मी ज्यांना नाकं मुरडली ते सगळे कॅमेरे ओळीने मांडलेले, आणि भाव असे की विकत घेतानाही कोणी एवढे दिले नव्हते. मी एक हातात घेऊन भिंगावर बॅटरीचा झोत मारून बुरशी बघितली, सेलच्या खाचेतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट गंज बघितला, झूम आत-बाहेर करून कुरकुर ऐकली.

“गॅरंटी?” मी विचारलं.

“पायरी उतरेपर्यंत,” दुकानदार म्हणाला. “कार्डाचे वेगळे.”

मी घासाघीस सुरू केली. रंग उडालाय, स्क्रीनवर चरा आहे, फ्लॅश चेहरा जाळतो. माझ्या प्रत्येक मुद्द्याला दुकानदार समाधानाने मान हलवायचा आणि पुतणीकडे बघायचा. फ्लॅशचं बोललो तेव्हा तर म्हणाला, “तोच तर चालतोय आता, साहेब.” भाव एक रुपया खाली आला नाही. पैसे तिनेच दिले.

तिने तिथेच माझा फोटो काढला. चेहरा चुन्यासारखा, डोळे लाल, मागे दुकान काळंकुट्ट आणि कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख: ०१/०१/२००८. सेल बराच काळ काढून ठेवल्याने घड्याळ मूळपदावर गेलं होतं. ती तारीख फोटोतून कशी घालवायची हे विचारायला पूर्वी लोक माझ्याकडे यायचे. मी सवयीने मेनू उघडला, तर तिने कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला.

“अरे, हात नको लावूस! यासाठीच तर घेतला.”