अर्जदाराचे नाव आणि देणगीदाराचे नाव

स्वीडनमधील गॉथेनबर्गला राहायला आल्यानंतर पहिल्याच वर्षी, मुलीच्या पाळणाघरातील स्वयंपाकघराच्या तपासणीचा अहवाल मागण्यासाठी मी नगरपालिकेला फोन केला आणि आपल्याकडच्या सवयीने आधी नाव, पत्ता व कारण सांगू लागलो. पलीकडच्या बाईंनी मला मध्येच थांबवले. कागद गोपनीय आहे की नाही हे ठरवण्यासाठी गरज पडल्याखेरीज, तो मागणारा कोण आणि त्याला तो कशासाठी हवा, हे विचारण्याची अधिकाऱ्याला येथे मुभाच नाही. सरकारी कागद पाहण्याचा हा हक्क स्वीडनमध्ये १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्यापासून चालत आला आहे.

त्याच सुमारास गावी माझ्या काकांनी रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका माहितीच्या अधिकारात मागितली होती. अर्ज दिल्याच्या चौथ्या दिवशी ठेकेदार त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलेला होता. तो वावगे काहीच बोलला नाही. मुलींची शिक्षणे कुठवर आली, एवढे विचारून गेला.

आपल्या २००५ च्या कायद्याने अर्जदाराला कारण विचारता येत नाही, ही गोष्ट मोठीच आहे. परंतु संपर्काचा तपशील द्यावा लागतो आणि तो कार्यालयाच्या भिंतींच्या आत राहत नाही. माहितीच्या अधिकारातून जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला. असे असूनही आपल्या चर्चांत ‘हिंमत असेल तर नावानिशी बोला’ हेच वाक्य टाळ्या घेते. निनावी पत्राबद्दलचा हा राग अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण बढतीच्या तोंडावर सहकाऱ्याचा काटा काढण्यासाठी अशी पत्रे लिहिली जातात, हे सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही ठाऊक असते. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

मात्र नाव लपवण्याची सोय आपण कोणाला दिली, हे पाहिले की माझी सहानुभूती आटते. २०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत राजकीय पक्षाला देणगी देणाऱ्याचे नाव मतदारापासून झाकलेले होते आणि त्याच्या समर्थनार्थ, नाव फुटले तर दुसरे पक्ष देणगीदारावर सूड उगवतील, असे सांगितले जात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. सुडाची ही भीती उद्योगपतीच्या बाबतीत सरकारला चटकन पटली. ओट्यावर ठेकेदार येऊन बसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ती आपल्याला भेकडपणा वाटते. स्वीडनमध्ये याच्या नेमके उलट घडते. सरकारी कर्मचाऱ्याने नाव न सांगता वर्तमानपत्राला माहिती दिली, तर ती कोणी दिली याचा शोध घेण्यासच वरिष्ठांना मनाई आहे, तर पक्षांना मात्र ठरावीक छोट्या रकमेपुढे निनावी देणगी घेता येत नाही.

येथील व्यवस्था मला सर्वस्वी मान्य आहे असेही नाही. कोणाचेही करपात्र उत्पन्न कर खात्याला फोन करून विचारता येते, याची सवय व्हायला मला दोन वर्षे लागली (आणि एकदा शेजाऱ्याचे विचारून पाहण्याचा मोह आवरला, हे कबूल करतो). माझा वाढदिवस व घराचा पत्ता कोणालाही इंटरनेटवर सापडतो, आणि छळ करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईला आपला पत्ता झाकून घेण्यासाठी स्वतंत्रपणे अर्ज करावा लागतो. विचारणाऱ्याला झाकायचे आणि ज्याच्याविषयी विचारले जाते त्या सामान्य माणसाला उघडे ठेवायचे, हा या व्यवस्थेचा दोष आहे.

कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी पुरेसे मानावे, असे म्हटले होते. ते मी काकांना फोनवर सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, “आणि ती पेटी घ्यायला पोस्टात नाव-पत्ता द्यावा लागतच असेल ना रे?”