‘सर्व्हर काय फुकट चालतात?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘द क्रू’ या रेसिंग गेमवरच्या लेखाखाली तुम्ही मुद्देसूद प्रतिक्रिया दिली आहे, तेव्हा उत्तरही मुद्द्याला धरून देते. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हर (गेम ज्यांच्याशी नेटवरून जोडलेला असतो ते कंपनीचे संगणक) फुकट चालत नाहीत, कंपनीने तोट्यातला गेम जन्मभर का पोसावा? दहा वर्षांत खेळणाऱ्यांचे पैसे वसूल झाले. ओटीटीवरून सिनेमे रोज जातात, तेव्हा कुणी ओरडत नाही. ज्याला खेळायचंच आहे त्याने क्रॅक (गेममधली तपासणी चुकवणारा चोरटा बदल) टाकावा, विषय संपला. आणि देशापुढे एवढे प्रश्न असताना हे रडगाणं कशाला?

शेवटच्याचं उत्तर आधी. पैसे मोजून घेतलेली वस्तू विकणाऱ्याने लांबून बंद केली, ही अडचण गेमपुरती नाही. घरातले कॅमेरे, स्मार्ट दिवे, टीव्हीवरची ॲप्स, यातली बरीचशी आज कंपनीच्या सर्व्हरवर टांगलेली आहेत. गेममध्ये ती सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उघडपणे दिसली, म्हणून लोक तिथे भांडत आहेत. मोठे प्रश्न सुटेपर्यंत याबद्दल गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘जन्मभर पोसा’ असं लेखात कुठेही नाही आणि गेम बंद करण्याविरुद्ध खेळाडूंनी उभारलेल्या चळवळीचीही ती मागणी नाही. ‘द क्रू’ डिसेंबर २०१४ मध्ये आला. १४ डिसेंबर २०२३ ला त्याच्या प्रकाशक कंपनीने, युबिसॉफ्टने, तो विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. सर्व्हरची यंत्रणा आणि परवान्यांच्या मर्यादा, अशी कारणं दिली. नुकताच घेतलेल्यांसाठी परताव्याची सोय होती, जुन्यांसाठी काही नाही. पुढे एप्रिलमध्ये अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाच काढून घेतला गेला. या गेममध्ये एकट्याने खेळायची पूर्ण मोहीम होती. तीही बंद पडली, कारण गेम सुरू होतानाच सर्व्हर शोधायचा आणि तो नसेल तर पुढे जायचाच नाही. त्याच महिन्यात रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू केली. मागणी एका वाक्याची आहे: कंपनी गेमची देखभाल थांबवेल तेव्हा तो चालू स्थितीत सोडा. सर्व्हर खुशाल बंद करा.

हे जमणारं आहे का, ते सर्व्हर नेमकं काय करतो यावर ठरतं. काही गेममध्ये सर्व्हर फक्त तुमची ओळख आणि खरेदी तपासतो. तिथे ती तपासणी काढणारा एक शेवटचा पॅच (छोटं दुरुस्ती-अपडेट) पुरतो. काहींमध्ये तुमची प्रगती सर्व्हरवर साठते. तिथे सेव्ह फाइल खेळणाऱ्याच्या डिस्कवर लिहायची सोय करावी लागते, आणि बंद होण्याआधी जुनी प्रगती उतरवून घ्यायला काही आठवडे द्यावे लागतात. खेळाडूंची जुळवाजुळव सर्व्हर करत असेल तर सर्व्हरचा प्रोग्रामच लोकांना द्यायचा आणि गेममध्ये पत्ता टाकायला एक रकाना ठेवायचा. खरी अवघड जात एकच: जिथे जगाचं गणितच, म्हणजे शत्रू कुठे आहेत, कुणाला किती इजा झाली, बाजारात कशाचा भाव काय, हे सगळं सर्व्हरवर होतं आणि ते काम डझनावारी छोट्या सेवांत विभागलेलं असतं, त्यातल्या काही दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या असतात. असा डोलारा चालू झाल्यावर सुटा करणं महाग पडतं, हे खरं आहे. म्हणूनच मागणी पुढच्या गेमसाठी आहे. आराखडा करतानाच शेवटाची सोय धरली तर खर्च फार कमी येतो.

‘जमत नाही’ हे उत्तर किती वेळा टिकलं, तेही पाहा. मार्च २०१३ मध्ये शहर वसवायचा ‘सिमसिटी’ हा गेम आला तेव्हा एकट्याने शहर वसवायलाही नेट लागायचं. शहराची बरीच आकडेमोड सर्व्हरवर होते, असं कारण सांगितलं गेलं. काही दिवसांत एका मॉडरने (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या खेळाडूने) दाखवलं की सर्व्हरचा संबंध तोडला तरी शहर चालतंय, रस्ते-वाहतूक-वीज सगळं घरच्याच संगणकावर होतंय. मार्च २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच ऑफलाइन मोड दिला. ‘नॉकआउट सिटी’ तर पूर्ण मल्टिप्लेअर गेम. जून २०२३ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले, पण बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओने पीसीसाठी खासगी सर्व्हरची आवृत्ती मोफत दिली. ‘ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट’चे सर्व्हर जानेवारी २०२४ अखेर थांबले, पण आधी अपडेट देऊन प्रगती ऑफलाइन साठवायची सोय केली गेली. आणि तुमच्या मुद्द्याला थेट उत्तर म्हणजे ‘द क्रू २’: युबिसॉफ्टनेच, त्याच मालिकेतल्या पुढच्या गेमला, एवढा आवाज उठल्यावर २०२५ मध्ये ऑफलाइन मोड दिला.

गाड्यांच्या परवान्यांचं (खऱ्या गाड्या गेममध्ये दाखवायला कंपन्यांकडून घ्यायच्या परवानगीचं) कारण तुम्हीही पुढे केलं आहे. परवान्याची मुदत संपली की नवी विक्री थांबते. आधी विकलेल्या प्रती त्यामुळे बंद कराव्या लागत नाहीत. ‘फोर्झा होरायझन ४’ हा दुसरा रेसिंग गेम डिसेंबर २०२४ मध्ये याच कारणाने विक्रीतून गेला. त्यातही खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या गाड्या आणि परवाना घेतलेली गाणी आहेत. ज्यांनी तो आधी घेतला होता, त्यांच्याकडे विक्री थांबल्यावरही चालत राहिला.

व्हिडिओ गेम्स युरोप या उद्योगसंघटनेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची काळजी कोण घेणार, बेकायदा मजकूर कोण काढणार, जबाबदारी कुणाची? ही भीती पोकळ नाही. पण ती करारात बसवता येते. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा ऑनलाइन गेम २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी ‘होमकमिंग’ नावाने सर्व्हर चालवले आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमच्या मालक कंपनीने, एनसीसॉफ्टने, त्यांना रीतसर परवाना दिला.

पैसे वसूल झाल्याबद्दल: दहा वर्षं चालेल असं खरेदीच्या वेळी कुणी लिहून दिलं नव्हतं आणि दोनच वर्षं चालेल असंही नव्हतं. नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीत घेणाऱ्याला पाच महिनेही धड मिळाले नाहीत. मुदत सांगून विकलं तर माझी तक्रार नाही. गेम बाजारात आपटला तर पैसे परत करणं हाही सरळ मार्ग आहे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि सोनीने पूर्ण परतावा दिला. गूगलने स्टेडिया ही नेटवरून गेम खेळायची सेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळताना गेमचे आणि गूगल स्टोअरमधून घेतलेल्या उपकरणांचे पैसे परत केले, शिवाय तो कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालावा म्हणून साधनही दिलं. नाही तर बरेच कंट्रोलर कचऱ्यात गेले असते.

ओटीटीची तुलना अर्धीच लागू पडते. महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला ठाऊक असतं की यादी बदलत राहणार. तिथे फसवणूक नाही. पण त्याच ॲपमध्ये किंवा गेम कन्सोलच्या दुकानात सिनेमा ‘खरेदी’ करता येतो, तिथे गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर डिस्कव्हरीचे कार्यक्रम विकत घेतलेल्यांना कळवलं की वर्षअखेरीस ते लायब्ररीतून जातील. तेव्हा ओरड झाली, चांगलीच झाली, आणि त्याच महिन्यात नवा करार करून निर्णय मागे घेतला गेला. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला: नुसता परवाना देत असाल तर ‘खरेदी’चं बटण दाखवताना तसं स्पष्ट सांगा. ज्या फायली कायमच्या उतरवून नेटशिवाय वापरता येतात, त्यांना यातून सूट आहे. ही सूट मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते, कारण नेमकी रेघ कुठे मारायची ते तिने सांगितलं.

क्रॅकबद्दल. क्रॅक म्हणजे तुमच्याच संगणकावरच्या प्रोग्राममधली तपासणी चुकवणं. जो भाग तुमच्या संगणकावर आलाच नाही, त्याला क्रॅक काय करणार? ‘द क्रू’ पुन्हा चालवायला चाहत्यांना सर्व्हरची नक्कल करणारा प्रोग्राम लिहावा लागला आणि तो यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. शिवाय अनोळखी ठिकाणची एक्झी फाइल (उघडली की प्रोग्राम चालवणारी फाइल) ॲडमिनची परवानगी देऊन चालवायची, वर अँटिव्हायरस बंद ठेवायचा, हा सल्ला ज्या संगणकावर घरातलं बँकेचं काम होतं तिथे तरी कुणाला देऊ नका. ज्याने रोख मोजले त्याने पुन्हा चोरवाटेने का यावं, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही विचारलं आहे, ‘मग आम्ही करायचं काय?’ यावर जरा थांबते, कारण हातात असलेलं बरंच आहे.

घेण्याआधी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानाच्या उजव्या रकान्यात बघा. तिथे वेगळं खातं लागतं का आणि दुसऱ्या कंपनीची कॉपी-संरक्षण प्रणाली आहे का, ते लिहिलेलं असतं. ‘सिंगल प्लेअर’ एवढ्या खुणेवर विसंबू नका, ती नेट लागतं की नाही ते सांगत नाही. पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर बहुतेक गेमची ही माहिती एका जागी मिळते. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात तोच गेम असेल तर तिथून घ्या आणि लायब्ररीतून ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’ उतरवा. मोठ्या गेमला एक एक्झी आणि सोबत अनेक बिन फायली येतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात, एक जरी राहिली तर इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं. नंतरचे पॅच आणि डीएलसी (गेमचे वेगळे घ्यायचे जादा भाग) वेगळे असतात, तेही घ्या. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर १०० जीबीचा गेम उतरवायला ५० दिवस लागतील, तेव्हा हे काम ब्रॉडबँड असलेल्या मित्राकडे एका रात्रीत उरका.

साठवायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क बरी. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी नको, वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा झिजतो. कॉपी झाल्यावर त्याच डिस्कवरून, नेट बंद करून, गेम एकदा टाकून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

स्टीमच्या स्वतःच्या बॅकअपबद्दल गैरसमज फार आहे. गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथून बॅकअप घेता येतो, पण तो परत टाकायला स्टीममध्ये लॉगइन लागतंच. वाचतो तो डाउनलोडचा वेळ. ऑफलाइन खेळायचं तर आधी नेट चालू असताना अपडेट पूर्ण होऊ द्या, गेम मुख्य मेनूपर्यंत एकदा उघडा, मग स्टीम मेनूतून ‘गो ऑफलाइन’ निवडा. त्यानंतर राउटरची वायर काढून पुन्हा उघडा. अडलाच तर बहुधा प्रकाशकाचा दुसरा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) आडवा आलेला असतो. त्याचाही ऑफलाइन मोड वेगळा चालू करावा लागतो.

पीएस५ वर (सोनीच्या प्लेस्टेशन ५ कन्सोलवर) सेटिंग्जमध्ये यूजर्स अँड अकाउंट्स, अदर, आणि तिथे ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू आहे का बघा. तो बंद असेल आणि नेट गेलं तर डिजिटल गेमवर कुलूप दिसतं. डिस्क असली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. पीएस४ मध्ये सीआर२०३२ ची एक छोटी बटण-बॅटरी घड्याळ चालू ठेवते. ती संपली आणि त्याच वेळी सोनीच्या सर्व्हरशी संपर्क होत नसेल, तर जुन्या फर्मवेअरवर (कन्सोलच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर) डिस्कवरचा गेमही सुरू होत नसे. कारण ट्रॉफीची (गेममध्ये टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाची) वेळ नोंदवायला कन्सोलला खात्रीचं घड्याळ हवं असायचं. २०२१ मध्ये ९.०० या फर्मवेअरने ते सुधारलं. कपाटात जुना पीएस४ पडला असेल तर आज सर्व्हर चालू आहेत तोवर अपडेट करून ठेवा.

आपल्याकडे गेम सरकारी आदेशानेही जातात. २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲप्सवर बंदी आली, त्यात पबजी मोबाइल होता. पुढच्या वर्षी त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आल्यावर जुन्या खात्यातला ऐवज नव्यात हलवायची सोय दिली गेली. पण बीजीएमआयही जुलै २०२२ मध्ये ॲप दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. अशा गेममध्ये बंदुकीच्या रंगावर खर्च करताना तो पैसा गेला असंच धरून खर्च करा. त्याचा बॅकअप नसतो.

तक्रारीचा रस्ता भारतातही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन खरेदी स्पष्टपणे धरली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार टिकायला कागद लागतात: पावतीचा ईमेल, रक्कम कापल्याची नोंद, आणि खरेदीच्या दिवशीच्या विक्रीपानाचा स्क्रीनशॉट. विक्रीतून काढलेल्या गेमचं पान नंतर बदलतं किंवा जातं, म्हणून स्क्रीनशॉट पैसे भरतानाच घ्या. युरोपात याच विषयावरच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. तिथे काय ठरतं त्यावर जगभरच्या कंपन्यांचं धोरण बदलेल, कारण एका खंडासाठी वेगळा आणि बाकीच्यांसाठी वेगळा गेम बनवणं त्यांनाच परवडणार नाही.

तुमच्या लायब्ररीत चार रेसिंग गेम आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांची नावं आणि कुठल्या दुकानातून घेतले ते इथेच कळवा. प्रत्येकाला नेट कशासाठी लागतं आणि त्यातलं काय उतरवून ठेवता येईल, ते एकेक करून सांगते.