नवा फोन घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

पहिला नियम असा की आपल्याला फोन कशासाठी हवाय, हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही. विचारलात की संपलं. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, यूट्यूब, गॅसचं बुकिंग, ओटीपी आणि ‘सर, पर्सनल लोन हवंय का’ म्हणून येणारे फोन कापणं, एवढीच यादी निघते. ही सगळी कामं सध्याच्या फोनवर बिनबोभाट चाललेली असतात. मग नवा घ्यायला कारणच उरत नाही. म्हणून सुरुवात कारणापासून करू नका, बजेटपासून करा.

बजेट 15,000 ठेवा. घरात तसं जाहीर करून टाका, म्हणजे पुढे ते मोडायला मजा येते. मग 15,000च्या फोनचा व्हिडिओ लावा. त्यातला मुलगा बारा मिनिटं त्या फोनचं कौतुक करेल आणि शेवटी म्हणेल, ‘पण मित्रांनो, दोनेक हजार वाढवू शकत असाल तर...’ वाढवा. दोन हजारांसाठी माणसाने जीव लहान करू नये. 17,000च्या फोनची स्क्रीन झकास असते, पण प्रोसेसर मागच्या वर्षीचा. 20,000ला प्रोसेसर ताजा मिळतो, पण कॅमेऱ्याला ओआयएस नसतं. ओआयएस म्हणजे हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय, हे काल रात्री साडेअकरापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आज त्याच्याशिवाय फोन घेणारा माणूस तुम्हाला अडाणी वाटतो. असे चढत चढत तुम्ही 32,999ला पोचाल. घरी ‘तीसच्या आसपास’ सांगा.

आता तुलना. दोन फोन शेजारी शेजारी ठेवून बघणं हे नवशिक्यांचं काम. तुम्ही चार ठेवा, एक्सेल शीट करा, रंग भरा. प्रत्येक ओळीत जो आकडा मोठा तो हिरवा. आकडा कशाचा आहे हे समजलंच पाहिजे असं काही नाही. उजेडाच्या रकान्यात 4,500 निट्सची स्क्रीन 3,000वालीपेक्षा भारी, एवढं पुरे. तो उजेड स्क्रीनच्या इवल्याशा तुकड्यावर, तोही क्षणभर मिळतो, वगैरे म्हणजे फारच खोलात जाणं झालं. रॅमच्या रकान्यात 16 लिहिलंय ना? मग 16. त्यातली 8 खरी, 8 स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि वेगाच्या बाबतीत उसनी रॅम खरीच्या पासंगालाही पुरत नाही. हे डब्यावर बारीक अक्षरात असतं. बारीक अक्षरंच वाचायची तर विम्याची पॉलिसी काय वाईट?

कॅमेऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ऑफिसात पहिला प्रश्न त्याचाच येतो.

‘कितीचा आहे?’

‘पन्नास.’

‘पन्नासच? आमच्या मेव्हण्याचा एकशे आठ आहे.’

इथे तुमचा चेहरा पडला पाहिजे. तो पडू नये एवढं गणित सोपं आहे, म्हणून ते करायचं नाही. पण तुम्ही विचारताच आहात तर सांगतो. 108 मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये साध्या मोडवर 9 पिक्सेल एकत्र येऊन एकाचं काम करतात, म्हणजे हाती पडतो तो 12 मेगापिक्सेलचा फोटो. 200वाल्यात 16 जण मिळून एक, म्हणजे साडेबारा. तुमच्या 50वाल्यात 4 मिळून एक, म्हणजे तेही साडेबाराच. इवलासा पिक्सेल एकट्याने पुरेसा उजेड गोळा करू शकत नाही, म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त ऑफिसात बोलू नका. मेव्हण्याला वाईट वाटेल, आणि तुम्हाला 200वाला घ्यायला सबब राहणार नाही. शिवाय फोटो शेवटी जाणार तो फॅमिली ग्रुपवर. तिथे व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी चेपतं आणि काकू तो दोन बोटांनी ताणून बघत ‘किती रे वाळलास’ असा अभिप्राय देतात. त्याला साडेबारा पुरतात.

मागच्या बाजूला भिंगं किती तेही मोजा. तीन तरी हवीतच. स्वस्त फोनांत तिसरं बहुधा 2 मेगापिक्सेलचं मॅक्रो असतं. त्याने मुंगीचा फोटो काढता येतो. मुंगी थांबली तर.

(देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला ‘कितीचा आहे?’ असं विचारल्याची नोंद नाही.)

फाइव्ह-जी हवंच. 1 ऑक्टोबर 2022 रोजी ते देशात सुरू झालं, त्यामुळे आता त्याच्यावाचून अडतं. यात बघायचं ते एकूण बँड, म्हणजे फोनला पकडता येणारे लहरींचे पट्टे, किती; 16 असतील तर 12वाल्याकडे ढुंकूनही बघू नका. त्यातले आपल्या कामाचे कुठले, असल्या चौकशा करणारी माणसं तुम्हाला भेटतील. ती सांगतील की 700 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडून आत येतात, 2022च्या लिलावात तो पट्टा एकट्या जिओने घेतला, तेव्हा जिओचं सिम असेल तर फोनमध्ये एन28 हा बँड आहे का तेवढं बघा. अशा माणसांशी वाद घालू नका. त्यांच्या घरात बहुधा स्वयंपाकघरातही रेंज येते. तुम्ही 16 बँडवाला घ्या आणि बोलायला बाल्कनीत जा.

फोन आयपी68 असावा, कारण पावसाळा आहे. याचा अर्थ साधारण दीड मीटर पाण्यात अर्धा तास तो तग धरतो. पाणी मात्र गोडं, स्वच्छ आणि स्थिर, चाचणीच्या खोलीतलं. गणपतीपुळ्याचं नव्हे. आणि एवढं असूनही पाणी शिरलंच, तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते बसत नाही. म्हणजे फोन पाण्याला भीत नाही, कंपनी भिते. तरी त्या ओळीत हिरवा रंग भराच.

काही प्रश्न मात्र चुकूनही विचारायचे नाहीत. सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार, हा त्यातला सगळ्यात अरसिक प्रश्न. गूगलने 2023मध्ये पिक्सेल 8ला आणि सॅमसंगने 2024मध्ये एस24ला सात वर्षांचा शब्द दिला, तेव्हा खऱ्या हौशी लोकांना केवढा धक्का बसला असेल! एकच फोन सात वर्षं? मग मधल्या काळात माणसाने संध्याकाळी करायचं काय? दुसरा तसलाच प्रश्न सर्व्हिस सेंटरचा. तुम्ही राहता तालुक्याला, सेंटर जिल्ह्याला. फुटलेली स्क्रीन घेऊन एसटीने जायचं, टोकन घ्यायचं, ‘पार्ट मागवावा लागेल, आठ दिवसांनी या’ ऐकून परत यायचं. पण हे कुठल्या तक्त्यात असतं? नसतं. ज्याला रकाना नाही ते अस्तित्वात नाही.

एवढी तयारी झाली की दुकानात जा. घ्यायला नव्हे, हाताळायला. तिथे वेगवेगळ्या रंगांचे टी-शर्ट घातलेली मुलं उभी असतात. निळ्या टी-शर्टवाल्याच्या मते निळ्या कंपनीचा फोन चांगला, हिरव्याच्या मते हिरव्या. त्यातला एक तुम्हाला ट्यूबलाइटखाली उभं करून पोर्ट्रेट काढेल. फोटोत तुमचा एक कान पार्श्वभूमीबरोबर पुसला गेलेला असेल. ‘बघा काका, डीएसएलआरसारखा ब्लर.’ खूश व्हा. फोन तळहातावर तोला, ‘जड आहे का हो थोडा?’ असं म्हणा, खिशात घालून बघा, टेबलाला बांधलेली त्याची वायर तुमच्या पँटला ओढ देईल. मग दुकानदारासमोरच ऑनलाइन भाव तपासा. तो विचारेल, ‘काका, घ्यायचाय की नुसतं बघायचंय?’ रागावू नका. त्याचा प्रश्न रास्त आहे. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि बाहेर पडा.

कारण आत्ता घेणं हा तद्दन मूर्खपणा. पंधरा ऑगस्टचा सेल तोंडावर आहे. त्यात 1,500 उतरतात, पण दसरा-दिवाळीला त्याहून उतरतील. दिवाळीत तुमचा रंग संपलेला असतो. मग सव्वीस जानेवारीपर्यंत कळ काढा. तोवर त्याच फोनचं पुढचं मॉडेल आलेलं असतं आणि ज्याच्यावर एक्सेल शीट केली तो ‘जुना’ झालेला असतो. भाचा म्हणेल, ‘मामा, आता हा घेऊ नकोस, नव्याची वाट बघ.’ भाच्याचं ऐका. गुढीपाडवाही लांब नाही.

यदाकदाचित घेण्याची वेळ आलीच, तर पैसे एकरकमी देऊ नका. नो-कॉस्ट ईएमआय करा. शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नसतो, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावून ठेवलंय, पण रिझर्व्ह बँकेला कुठे फोन घ्यायचा असतो! बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता आधी सवलत म्हणून वळती करतो. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमचा, प्रोसेसिंग फी तुमची आणि फीवरचा जीएसटीही तुमचाच. एवढं भरूनही कॉस्ट ‘नो’ राहते, यालाच वित्तीय साक्षरता म्हणतात.

जुना फोन एक्स्चेंजला लावा. जाहिरातीत ‘18,000 पर्यंत’ असतं. तुमच्या मॉडेलला 6,400 दाखवतील. फोन न्यायला आलेला मुलगा दारात हेल्मेट काखेत धरून *#06# दाबेल, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक जुळवेल, स्क्रीन पांढरी करून तिरक्या उजेडात धरेल आणि अत्यंत नम्रपणे म्हणेल, ‘सर, कोपऱ्याला डेंट आहे.’ 6,400चे 2,900 होतात. इथे मान ताठ ठेवा. ‘राहू दे, घरात वापरू,’ म्हणा.

नवा फोन हाती आला की त्याच दिवशी त्यावर टेम्पर्ड ग्लास बसवा. ज्या काचेच्या मजबुतीसाठी तुम्ही 4,000 जास्त मोजलेत, तिच्या रक्षणासाठी 150ची काच. मागचा रंग ‘मिडनाइट’ हवा की ‘टायटॅनियम’ यावर घरात तीन दिवस धुसफूस झालेली असते. त्यावर काळं रबरी कव्हर चढवा. 120 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारी, स्क्रीन बॅटरी खाते असं कुठंतरी वाचाल, ती 60वर आणा. बॅटरीचं आयुष्य जपायला चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा. आणि व्हिडिओ बघणं मात्र सोडू नका. घेतलेल्या फोनचेच बघा, रोज रात्री, भाव उतरला का तेही बघा. उतरलेला असतो.

राहिला जुना फोन. तो आईला द्या. घराण्यातले फोन असेच उतरत्या क्रमाने तिच्याकडे येतात. चार्जर सैल, स्टोरेज भरलेलं, मागे तुमच्या ऑफिसच्या लोगोचं स्टिकर. ती तक्रार करणार नाही. तिची मागणी एकच असते, ‘अक्षरं तेवढी मोठी करून दे रे.’ तुम्ही सेटिंग्ज उघडाल, डिस्प्लेत जाल, बाहेर याल, पुन्हा आत जाल, चुकून भाषा बदलाल. मग शेजारच्या चौथीतल्या पोराला हाक मारा. तो अर्ध्या मिनिटात करून देतो.