न्हाणीघरातला फराळ

डॉक्टरांनी माझी साखर तोडली आणि त्याच सुमारास आमच्या कन्यारत्नाने घरातली सगळी प्रसाधनं स्वतः करायचं मनावर घेतलं. केकसाठी आणलेल्या इसेन्सच्या बाटल्या फ्रीजच्या दारात पडून होत्या, त्यांचं चीज करायचं ठरलं.

पहिला मान लिप बामचा. पातेल्यात पाणी, त्यात वाटी, वाटीत खोबरेल आणि मेण. मेण वितळल्यावर तिने वरून चमचाभर व्हॅनिला ओतला. हा इसेन्स पाण्याच्या गोत्रातला, खोबरेल त्याला जवळ करीना. तपकिरी थेंब रुसलेल्या व्याह्यांसारखे वाटीच्या तळाशी जाऊन बसले. "बाबा, हलवत राहा ना!" मी हलवत राहिलो. हात थांबला की थेंब पुन्हा तळाशी. बाजारच्या बाममध्ये तेलात विरघळणारा फ्लेवर घालतात आणि गोडीला वेगळं सॅकरिन, हे तिने नंतर कुठेतरी वाचलं. मला ते ओठांवरून जीभ फिरवताच कळलं होतं. वास आइस्क्रीमचा, चव कडूजहर! गोडवा सगळा नाकाच्या भरवशावर, जिभेच्या वाट्याला काही नाही.

आमच्या आजीच्या उटण्यात डाळीचं पीठ, हळद, वर साय. सगळा ऐवज खाण्याचा, पण ते अंगाला लावताना कुणाच्या तोंडाला पाणी सुटल्याचं ऐकिवात नाही. आता डबीत खाण्यासारखं काही नसतं आणि लाळ मात्र गळते. ज्याचं पथ्य चालू आहे, त्याने आंघोळ तरी कशी करावी?

मग साबण. तयार बेस वितळवून, त्यात उरलेला व्हॅनिला घालून पांढऱ्याशुभ्र वड्या पाडल्या. काही दिवसांत त्या तपकिरी व्हायला लागल्या. व्हॅनिलाला त्याचा वास देणाऱ्या व्हॅनिलिन या रसायनाची ही खोडच आहे, साबणात ते काळवंडतं. १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी ते पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून बनवलं. माझ्या आईला ही पाइनची कुळकथा ठाऊक नव्हती. तिने खव्याची बर्फी समजून दोन वड्या देवापुढे ठेवल्या. देव नेहमीप्रमाणे काही न खाता सुटले. प्रसाद तोंडाशी आला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, थांबा!" मला वाटलं, साखरेसाठी ओरडतेय.

केळ्याचा इसेन्स शेवटी माझ्या केसांच्या तेलात गेला. तो फासून मी महाबळेश्वरजवळ मांघरला आतेभावाकडे गेलो. हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तिथे तो मधाच्या पेट्या सांभाळतो. पेट्या दाखवायला निघालेला भाऊ माझ्याजवळ येताच थबकला आणि त्याने दोनदा नाक ओढलं. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना धोक्याची वर्दी देते ती वासाने, आणि त्या वासातलं मुख्य रसायन म्हणजे आयसोअमिल अॅसिटेट. केळ्याच्या इसेन्सला केळ्याचा वास येतो तो त्याच्यामुळेच. म्हणजे मी डोक्यावर 'हल्ला करा' असा हुकूम चोपडून आलो होतो.

"दादा," तो दोन पावलं मागे सरकत म्हणाला, "आधी डोकं धुऊन ये. साबण आमचा वापर. तुझ्या पिशवीतला बाहेर काढू नकोस."