प्रांजळ मत आणि अण्णांचं बोअर

पाचवी वाचावी लागू नये म्हणून मी मे महिन्यात चार कादंबऱ्या वाचल्या.

पाचवी आमच्या शेजारच्या अण्णांची. अण्णा अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले आणि दोन वर्षांत 412 पानांची कादंबरी लिहून, पदरचे पैसे घालून छापून मोकळे झाले. पहिली प्रत माझ्या हातात देत म्हणाले, "मास्तर, तुमी मराठीचे. तोंडदेखलं नको. प्रांजळ मत पायजे."

आता, लातुरात प्रांजळ मत ज्याच्या अंगणात स्वतःचं बोअर आहे त्यानंच द्यावं. आमच्याकडे नळ येतो तो दिवस सणाचा. मधल्या दिवसांत अण्णांच्या भिंतीवरून एक हिरवा पाईप आमच्या टाकीत उतरतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही या बोअरनं मान टाकली नव्हती. अशा माणसाची नायिका पहिल्या पानावर मृगनयनी आणि तिसऱ्या पानावर मीनाक्षी झाली, तर मी कोणत्या तोंडानं विचारणार की अण्णा, नेमके डोळे कुणाचे?

"वाचतो की. हातातली तेवढी संपू द्या," म्हणालो. हातात काहीच नव्हतं. ऊन उतरताच वाचनालय गाठलं आणि सगळ्यात जाड दिसली ती उचलली.

ती 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची, 1967 सालची. अकरावीत वाचली तेव्हा उशी भिजवली होती. या वेळी उशी भिजली ती घामानं, कारण लाइट गेलेली. आता खरं सांगतो, कर्णाचा मला भारी राग आला. अरे, दारात आलेल्याला कवचकुंडलं काढून देतोस? आमच्या वडिलांनी असंच दारात आलेल्या प्रत्येकाला जामीन म्हणून सही दिली आणि हप्ते आम्ही फेडले. शिवाय कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, श्रीकृष्ण असे सहा जण बोलतात आणि सगळेच कसे नेसूचं रेशमी सावरत बोलतात. रथाचं चाक रुतलं आणि नेमका त्याच क्षणी नळ आला. कर्णाला तसाच सोडून मी बादल्या घेऊन धावलो. परत येईपर्यंत आईनं पुस्तक रांजणावर झाकण म्हणून ठेवलं होतं.

अण्णा भिंतीवरून डोकावले. "झाली का सुरू?"

"खांडेकर चालू आहेत," मी म्हणालो आणि खरोखरच चालू केले. 'ययाती'ला कोण काय म्हणणार? 1974 चं ज्ञानपीठ आहे. पण त्यातली माणसं ताकसुद्धा सुविचार बोलून मागतील असं वाटत राहतं. आमच्या शाळेच्या फळ्याला वर्षभर पुरतील इतके सुविचार मी पहिल्या शंभर पानांतच काढून ठेवले. ययाती मुलाकडे तारुण्य मागतो आणि पूरू देतो. हे वाचून माझीही छाती जरा फुगली. मी चिरंजीवांकडे तारुण्य मागितलं नाही, दोन घागरी मागितल्या. ते मोबाइलमधून मान न काढता म्हणाले, "थांबा ना पप्पा, पाच मिनिटं." आमच्या वंशात पूरू नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

मग 'कोसला'. कॉलेजात असताना मला ठाम वाटायचं की नेमाड्यांनी 1963 साली माझ्यावरच लिहिलंय. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, ही बाब मी क्षुल्लक मानली होती. आता वाचताना जीव तुटतो तो सांगवीकराच्या वडलांसाठी. पोरगा पुण्यात पैसे उडवतोय आणि बाप गावाकडून पाठवतोय! मजा आली, पण भाषेचा संसर्ग झाला. बायकोनं विचारलं, "पाणी भरलं का?" मी म्हणालो, "उदाहरणार्थ, भरलं वगैरे."

"वगैरे म्हणजे किती बादल्या?"

कोसलावर याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

चौथी मात्र मी वाचली असं म्हणता येणार नाही. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' उघडली, तशी आई बाजेवरून म्हणाली, "काय वाचलालास रे? मोठ्यानं वाच की." बोराडे आमच्याच जिल्ह्यातले, काटगावचे. कादंबरी 1971 ची. गंगाराम शिंप्याची बायको पार्वती आपली हकीकत आपल्या बोलीत सांगते. आईनं दोन पानं ऐकली आणि उठून बसली. "ही बाई औश्याकडची हाय का?" मग तिनं पार्वतीशी बोलायलाच सुरुवात केली. मधेच तिला सल्ले, मधेच गंगारामाला शिव्या. मी मराठी शिकवण्यात पंचवीस वर्षं घालवली, पण एकही पोरगं पुस्तकाशी असं भांडलेलं पाहिलं नाही. शेवटाकडे ती काही बोललीच नाही. पदरानं चष्मा पुसत राहिली. माझं मत विचाराल, तर ते हेच.

सबबी संपल्या. मृग चार दिवसांवर आला, ढग नुसतेच फिरत होते आणि टाकी खडखडीत होती. मी अण्णांची कादंबरी उघडली. सूर्योदय अकरा झाले. दोन ठिकाणी चंद्र उगवला तो अमावास्येला. सवयीनं लाल पेन हातात आलं होतं, ते महत्प्रयासानं परत खिशात ठेवलं. आणि मग 217 वं पान आलं.

त्या पानावर एक मास्तर होता. किडकिडीत, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला, शेजारच्या पाण्यावर अंघोळ करून शेजाऱ्याचंच शुद्धलेखन काढणारा. एकही उपमा नाही, मृगनयनी नाही, काही नाही. अख्ख्या कादंबरीत तेवढं एक पान जिवंत होतं. बायकोला वाचून दाखवलं, तर ती ओट्याला धरून हसली. "अय्या, तुम्हीच की हो!"

संध्याकाळी मी भिंतीपाशी गेलो.

"अण्णा, वाचली. 217 वं पान सोडलं, तर बाकी सगळी आवडली."

अण्णांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मोटारीचं बटन दाबायला वळत म्हणाले, "असं कसं मास्तर? गल्लीतल्या समद्यायला तेवढंच पान आवडलंय."